श्रवणमर्यादेच्या पलीकडे : घरगुती हाय-फाय आणि सुपर ट्वीटर

चांगले ध्वनिक्षेपक, त्यांना साजेसा ॲम्प्लिफायर आणि वर्षानुवर्षे जमवलेला ध्वनिमुद्रिकांचा संग्रह एवढी सिद्धता झाल्यावरही ज्यांच्या कानांचे समाधान होत नाही, अशा रसिकांपुढे केव्हा ना केव्हा एक प्रश्न उभा राहतो : मुख्य ध्वनिक्षेपकाच्या पेटीवर आणखी एक छोटा ट्वीटर, ज्याला या धंद्यात सुपर ट्वीटर म्हणतात तो, बसवावा की नाही? प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. परंतु त्याच्या पोटात मानवी श्रवणाची मर्यादा, वाद्यांच्या नादाची घडण, ध्वनिमुद्रणाच्या साधनांची कुवत, विद्युत्-मंडळांचे गणित आणि ग्राहकाच्या मनाचे व्यापार इतके विषय दडलेले आहेत की, दोन्ही पक्षांनी आपापली कैफियत पुनःपुन्हा मांडूनही त्याचा निकाल सर्वमान्य झालेला नाही. एक पक्ष म्हणतो, जे ऐकूच येत नाही ते वाजवण्यासाठी पैसे खर्चणे हा शुद्ध वेडेपणा; दुसरा म्हणतो, आम्ही बसवला, ऐकला, फरक पडला, आता तुमचे शास्त्र तुमच्यापाशी ठेवा. माझ्या मते या तकरारीत दोघांचीही जबानी बव्हंशी खरी आहे, आणि तिच्यावरून दोघेही जो निष्कर्ष काढतात तो बव्हंशी चुकीचा आहे. ते कसे हे दाखवण्यासाठी प्रकरण मुळापासून तपासले पाहिजे.

सुपर ट्वीटर ही वस्तू काही आजची नव्हे. मोठ्या शंकूला सर्वांत वरचे स्वर झेपत नाहीत, हॉर्नवर बसवलेले मोठे चालकही १० किलोहर्ट्झच्या आसपास दमू लागतात, सबब वरचा अखेरचा सप्तकभर प्रदेश एखाद्या हलक्याफुलक्या साधनाकडे सोपवावा, ही तजवीज ध्वनितंत्रज्ञांनी फार पूर्वीच केली होती. जेबीएल कंपनीचा २४०५ नावाचा चिरेसारख्या मुखाचा चालक या जातीचा नामांकित नमुना. १९७० नंतरच्या दशकात ४३४३ या तिच्या अवाढव्य स्टुडिओ-ध्वनिक्षेपकात साधारण ९ किलोहर्ट्झच्या वरचा सारा कारभार त्याच्याकडे असे. जपानात फोस्टेक्सचे हॉर्न-ट्वीटर आणि पायोनियरचे रिबन-ट्वीटर हेच काम करीत. येथपर्यंत वादाला जागा नव्हती, कारण ही मंडळी ऐकू येणाऱ्या प्रदेशातच राबत होती. वाद पेटला तो १९९९ आणि २००० या वर्षांच्या आगेमागे सुपर ऑडिओ सीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ बाजारात अवतरल्यावर. या नव्या तबकड्यांवर २० किलोहर्ट्झच्या वरचेही काही साठवता येते असे जाहीर झाले, आणि मग ते वाजवणारे साधन घरी नसणे ही जणू न्यूनता ठरली. टॅनॉयने आपल्या ध्वनिक्षेपकांवर ठेवण्याजोगे स्वतंत्र सुपर ट्वीटर काढले, टाउनशेंडने रिबनचे काढले, मुराटाने सिरॅमिकचे, १०० किलोहर्ट्झपर्यंत पोहोचणारे काढले. पुढे २०१४ साली जपान ऑडिओ सोसायटीने ‘हाय-रेस’ची सोनेरी मुद्रा देण्यास आरंभ केला, तेव्हा ध्वनिक्षेपकाने ४० किलोहर्ट्झ गाठले पाहिजे ही अट तिच्यात घातली गेली, म्हणजे जी गोष्ट तोवर हौशी लोकांची लहर होती तिला एक प्रकारची सनदच मिळाली.

आता कानाची बाजू पाहू. मनुष्याला २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येते हे शाळेच्या पुस्तकातले वाक्य खरे आहे ते निरोगी तरुण कानापुरते. वय वाढते तशी वरची हद्द खाली सरकते; पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाला १२ किंवा १४ किलोहर्ट्झच्या पुढचे काही ऐकू येत नसेल तर त्याने वैद्याकडे धाव घेण्याचे कारण नाही, ते वयाचे देणे आहे. या नैसर्गिक हानीचा व्यापारी उपयोगही झालेला आहे : वेल्समधील हॉवर्ड स्टेपलटन यांनी २००५ साली ‘मॉस्किटो’ नावाचे एक यंत्र काढले, ते १७.४ किलोहर्ट्झचा कर्कश सूर सोडून दुकानाबाहेर घोळका करणाऱ्या पोरांना पळवून लावते आणि आत खरेदी करणाऱ्या प्रौढांना त्याचा पत्ताही लागत नाही. याच्या उलट टोकाला, काही तरुण श्रोत्यांना २४ किलोहर्ट्झचा शुद्ध स्वर जाणवल्याची नोंद जपानी संशोधक आशिहारा यांनी केली आहे, परंतु त्यासाठी त्या स्वराची पातळी ९० डेसिबेलच्या घरात न्यावी लागली. संगीतात त्या प्रदेशात इतके बळ सहसा नसते. आणखी एक वैचित्र्य सांगायचे तर, कंपन-साधन थेट कवटीच्या हाडाला लावले असता याहून कितीतरी वरची कंपनेही जाणवतात हे १९५० पासून ठाऊक आहे; पण संगीत ऐकताना ध्वनिक्षेपक डोक्याला टेकवून बसण्याचा प्रघात अद्याप पडलेला नाही.

श्राव्यातीत प्रदेशात वाजवण्याजोगे काही असते का, या प्रश्नाचे उत्तर मात्र निःसंशय होकारार्थी आहे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जेम्स बॉइक यांनी वाद्यांची जी मोजमापे केली त्यांत झांजेच्या जोरकस आघातातील सुमारे ४० टक्के ऊर्जा २० किलोहर्ट्झच्या वर आढळली, तर व्हायोलिनच्या बाबतीत हेच प्रमाण एका टक्क्याचाही लहानसा अंश होते. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला तर तो झांजेलाही मागे टाकतो. धातूवर धातू आपटला की असे होणारच. दिंडीतल्या टाळांचा आणि नर्तकीच्या घुंगरांचाही धर्म हाच असला पाहिजे. परंतु ज्या नादमाधुर्यासाठी आपण हिंदुस्थानी संगीताचे रसिक म्हणवून घेतो ते येथे शोधू नये. तंबोऱ्याच्या जवारीतून जो सहायक नादांचा फुलोरा उमलतो आणि ज्याची चिकित्सा चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात केली, त्याचा हिशेब सोपा आहे : १३० हर्ट्झच्या षड्जाचा तिसावा सहायक नाद ३.९ किलोहर्ट्झवर येतो आणि साठावासुद्धा ८ किलोहर्ट्झच्या अलीकडेच राहतो. मिरजेच्या कारागिराने सुताचा दोरा घोडीवर सरकवत जी जवारी लावली ती संपूर्णपणे आपल्या कानाच्या टप्प्यात आहे आणि कोणत्याही साधारण बऱ्या ट्वीटरच्या आवाक्यात आहे. तंबोरा मोकळा वाटावा म्हणून सुपर ट्वीटर घेणाऱ्याने आधी हा हिशेब करावा.

खेरीज हवेचीही एक जकात असते. २० किलोहर्ट्झचा ध्वनी साधारण हवामानात दर मीटरला सुमारे अर्धा डेसिबेल गमावतो, ४० किलोहर्ट्झचा एका डेसिबेलहून अधिक. दिवाणखान्यातल्या अडीच-तीन मीटरांत हे नुकसान सोसण्यासारखे असले, तरी मोठ्या सभागृहात व्यासपीठापासून दहा-पंधरा मीटरांवर बसलेल्या श्रोत्यापर्यंत झांजेचा तो श्राव्यातीत भाग पोहोचतो तेव्हा तो नावापुरताच उरलेला असतो. म्हणजे झांजेपासून हातभर अंतरावर टांगलेल्या मायक्रोफोनने टिपलेली आणि घरी सुपर ट्वीटरने निष्ठेने वाजवलेली ती ऊर्जा प्रत्यक्ष मैफलीतल्या श्रोत्याच्या वाट्याला कधी आलेलीच नसते. तेव्हा तिच्या अभावी मैफलीचा प्रत्यय हरवतो, हे म्हणणे टिकत नाही.

आणि ती ऊर्जा आपल्या घरापर्यंत येते तरी किती? १९८२ साली आलेली सीडी दर सेकंदास ४४,१०० नमुने घेते; नमुन्यांच्या सिद्धान्तानुसार तिच्यावर २२.०५ किलोहर्ट्झच्या पलीकडचे काही असूच शकत नाही. एफएम रेडिओ १५ किलोहर्ट्झला थांबतो. १२८ किलोबिटची एमपी-थ्री फाइल साधारण १६ किलोहर्ट्झला कात्री लावते. अब्दुल करीमखाँ किंवा बालगंधर्व यांच्या ७८ गतीच्या तबकड्यांवर तर एवढ्या उंचीवर गायनाचा लवलेश नाही. तेथे आहे ती केवळ सुईची खरखर, आणि सुपर ट्वीटर लावणारा तिचीच सेवा करतो. सूक्ष्मरेखी एलपीची गोष्ट थोडी निराळी : १९७० नंतरच्या दशकात जेव्हीसीच्या सीडी-४ या चतुर्वाहिनी पद्धतीत तबकडीच्या खाचेत ३० किलोहर्ट्झची वाहक लहर कोरून ती ४५ किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात वाचण्याची करामत साधली होती आणि तिच्यासाठी शिबाता घाटाची खास सुई निघाली. म्हणजे खाचेत ते सामर्थ्य आहे. पण नेहमीच्या एलपीवर त्या उंचीला जे सापडते त्यात संगीत किती आणि सुईची विकृती किती, याची वाटणी करणे कठीण. सुपर ऑडिओ सीडीचे रहस्य तर अधिकच गमतीचे आहे. तिच्या एकबिटी पद्धतीत श्राव्य पट्टा स्वच्छ राखण्यासाठी सारा गोंगाट वर ढकललेला असतो, आणि तो नेमका २० किलोहर्ट्झच्या पुढे चढत जातो. ५० किलोहर्ट्झच्या वर गाळणी लावावी अशी शिफारस त्या पद्धतीच्या प्रमाणपुस्तकातच आहे. ज्या तबकडीच्या नावाने सुपर ट्वीटर विकले गेले तिच्यावर त्या साधनाला बहुतेक वेळा हाच गोंगाट वाजवावा लागतो. राहता राहिली ९६ आणि १९२ किलोहर्ट्झची संगणकीय मुद्रणे. ती खरोखर विस्तृत पट्ट्याच्या मायक्रोफोनने घेतलेली असली तरच त्यांत काही असते, आणि जुन्या मुद्रणांना नुसता मोठा अंगरखा चढवून विकल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

एवढ्यावर खटला निकालात निघाला असता. पण १९९० नंतरच्या काळात जपानमधून एक साक्षीदार उभा राहिला आणि त्याची साक्ष अद्याप कोणाला सरळ खोडून काढता आलेली नाही. त्सुतोमु ओहाशी हे शास्त्रज्ञ तर आहेतच, शिवाय शोजी यामाशिरो या नावाने ते ‘गेइनो यामाशिरोगुमी’ या संगीतसमूहाचे प्रमुख म्हणून प्रसिद्ध आहेत. १९८८ च्या ‘अकिरा’ या चित्रपटाचे संगीत त्यांचेच. बालीच्या गामेलान वाद्यवृंदात, म्हणजे पुन्हा धातूवर आघात करणाऱ्या वाद्यांत, श्राव्यातीत ऊर्जेचा साठा मोठा असतो हे जाणून त्यांनी त्या संगीताचे दोन भाग केले, २२ किलोहर्ट्झच्या खालचा आणि वरचा, आणि दोन्ही स्वतंत्र ॲम्प्लिफायरांतून व स्वतंत्र ध्वनिक्षेपकांतून श्रोत्यांना ऐकवले. जर्नल ऑफ न्यूरोफिजिऑलॉजीत २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचे सार असे की, दोन्ही भाग एकत्र वाजत असताना श्रोत्यांच्या मेंदूतील अल्फा लहरी वाढल्या, मस्तिष्कस्तंभ आणि थॅलॅमस या खोलवरच्या भागांतला रक्तप्रवाह वाढला, आणि संगीत अधिक सुखद वाटल्याचे श्रोत्यांनी सांगितले. नुसता वरचा भाग वाजवला असता यातले काहीच घडले नाही. पुढे २००६ मध्ये त्यांनी असेही मांडले की, श्राव्यातीत भाग कानात घालायच्या इअरफोनमधून दिला तर परिणाम होत नाही, संपूर्ण शरीरावर पडला तरच होतो. हा शेवटचा दावा ऐकून कोणाच्याही भुवया वर जातील. तरी निबंध जबाबदारीने लिहिलेला आहे, आणि सुपर ट्वीटरचे विक्रेते त्याचा दाखला देतात यात त्या निबंधाचा दोष नाही. त्याची खरी अडचण ही की, इतरांनी घेतलेल्या कसोट्यांत त्याची निर्विवाद रुजवात झाली असे म्हणण्याजोगी स्थिती नाही.

जपानच्याच किर्यू आणि आशिहारा यांचा प्रयोग या संदर्भात फार बोलका आहे. त्यांनी एका स्वराचे श्राव्य आणि श्राव्यातीत सहायक नाद एकाच ध्वनिक्षेपकातून ऐकवले तेव्हा श्रोत्यांनी फरक बरोबर ओळखला. तेच सहायक नाद सहा पट्ट्यांत विभागून सहा निरनिराळ्या ध्वनिक्षेपकांतून दिले, तेव्हा एकालाही तो ओळखता आला नाही. कारण असे की, एकाच पडद्याला अनेक कंप्रता एकदम पेलाव्या लागल्या म्हणजे त्यांच्या परस्परमिश्रणातून त्यांच्या फरकाइतक्या नव्या कंप्रता जन्म घेतात. २६ आणि २८ किलोहर्ट्झ एकत्र आले की २ किलोहर्ट्झचे एक अनौरस अपत्य श्राव्य प्रदेशात येऊन बसते. श्रोत्यांनी ऐकले ते हे अपत्य, श्राव्यातीत संगीत नव्हे. जपानी नभोवाणीच्या, एनएचकेच्या, प्रयोगशाळेने २००३ मध्ये संगीताच्याच नमुन्यांवर काळजीपूर्वक घेतलेल्या चाचणीतही श्राव्यातीत भाग असणे-नसणे श्रोत्यांना ओळखता आले नाही. अमेरिकेत मेयर आणि मोरन यांनी २००७ मध्ये उच्च दर्जाच्या तबकड्यांच्या मार्गात सीडीच्या मापाचा अडथळा गुपचूप घालून आणि काढून श्रोत्यांची परीक्षा घेतली, तेव्हा ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली; नाणे उडवले असते तरी हाच आकडा आला असता. त्यांच्या तबकड्यांपैकी कित्येकांवर मुळातच काही श्राव्यातीत नव्हते, हा टीकाकारांचा आक्षेप रास्त आहे. अखेर लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये १८ प्रयोगांचा, सुमारे १२,५०० चाचण्यांचा, एकत्रित ताळेबंद मांडला. त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले, आणि जेथे श्रोत्यांना आधी शिकवून तयार केले होते तेथे ते ६० टक्क्यांच्या वर गेले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने शून्य नाही, याची नोंद प्रामाणिकपणे घेतली पाहिजे, पण ५२.३ हा आकडा डोळ्यांपुढे ठेवून ‘पहिल्या सुरापासून पडदा दूर झाल्यासारखे वाटले’ अशी जाहिरातीतली वाक्ये वाचली म्हणजे हसू आवरत नाही. शिवाय या ताळेबंदातला विषय उच्च दर्जाचे मुद्रण हा आहे, सुपर ट्वीटर हा नव्हे.

कालसूक्ष्मतेचा एक युक्तिवाद अधूनमधून पुढे केला जातो, त्याचाही परामर्श थोडक्यात घेऊ. साउथ कॅरोलायना विद्यापीठातील मिलिंद कुंचूर यांनी २००८ च्या सुमारास, कान काही मायक्रोसेकंदांइतका सूक्ष्म कालभेद जाणतो असे प्रयोगांवरून प्रतिपादले, आणि त्यावरून सीडीच्या दोन नमुन्यांमधले २२.७ मायक्रोसेकंदांचे अंतर अपुरे आहे असा तर्क लढवला गेला. परंतु दोन नमुन्यांमधले अंतर म्हणजे त्या पद्धतीची कालसूक्ष्मता नव्हे. पट्ट्याच्या आत राहणारी लहर दोन नमुन्यांच्या दरम्यान कोठेही सुरू होत असली तरी तिचे स्थान १६ बिटांच्या आकड्यांत अचूक नोंदले जाते. हा तर्क ऐकायला मोहक आहे इतकेच.

तर मग ज्यांनी सुपर ट्वीटर बसवला आणि ज्यांना फरक जाणवला ते सारे खोटे बोलतात काय? मुळीच नाही. फरक पडतो, तो पडतो मात्र श्राव्य प्रदेशात, आणि त्याचे मूळ एका चिमूटभर कपॅसिटरात आहे. बहुतेक घरगुती जोडणीत सुपर ट्वीटरच्या वाटेवर एकच कपॅसिटर असतो. ८ ओहमच्या चालकाला १.२५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की छेदबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली चालकाचा आवाज उतरू लागतो ती कंप्रता, १६ किलोहर्ट्झच्या जवळ येतो, आणि डबीवर ‘१६ किलोहर्ट्झच्या वर’ असे छापता येते. परंतु एकट्या कपॅसिटरचा उतार फार सौम्य, सप्तकाला ६ डेसिबेलांचा असतो; १६ किलोहर्ट्झच्या बरोबर एक सप्तक खाली, ८ किलोहर्ट्झवर, तो चालक केवळ ७ डेसिबेलने दबलेला असतो. म्हणजे ८ ते १६ किलोहर्ट्झच्या टापूत, जेथे झांजेची झळाळी, सतारीच्या नखीचा टणत्कार आणि गायकाच्या ‘स’काराची धार राहते, तेथे मुख्य ट्वीटरच्या जोडीला आणखी एक ट्वीटर बेमालूम वाजत असतो. जपानी हौशी मंडळींची एक आवडती जोडणी तर याहून सूचक आहे : फोस्टेक्सचा एकच पूर्णपल्ल्याचा शंकू आणि त्याच्यावर हॉर्न-सुपर ट्वीटर, मध्ये ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कागदावर याचा छेदबिंदू ४२ किलोहर्ट्झच्या पुढे निघतो, म्हणजे मनुष्यप्राण्याला त्याचे काही ऐकू येऊ नये. पण त्या हॉर्नची संवेदनक्षमता १०० डेसिबेलच्याही वर असते. १० किलोहर्ट्झवर कपॅसिटरने त्यातले १३ डेसिबेल कापून घेतले तरी जे उरते ते शंकूच्या पातळीला येऊन भिडते. कपॅसिटर येथे कुंपण नाही, तो पातळी जुळवण्याचा नळ आहे. हे ओळखूनच ती मंडळी कपॅसिटरचे आकडे दशांशाने बदलत बसतात, आणि त्यांच्या कानांना जे उमगते ते खरेच असते.

दुसरे कारण दिशेचे आहे. ध्वनीची तरंगलांबी चालकाच्या व्यासाहून लहान झाली की ध्वनी पसरायचा थांबतो आणि कंदिलाच्या झोताप्रमाणे सरळ समोर जाऊ लागतो. २५ मिलिमीटरच्या घुमटाकार ट्वीटरच्या बाबतीत ही वेळ १३-१४ किलोहर्ट्झच्या आसपास येते. आठ इंची पूर्णपल्ल्याच्या शंकूवर ती कितीतरी आधीच येऊन गेलेली असते. अशा ध्वनिक्षेपकासमोर नेमक्या जागी बसणाऱ्याला वरचे स्वर मिळतात, बाजूच्या खुर्चीतल्याला मिळत नाहीत, आणि भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीत तर त्यांचा दुष्काळ असतो. अरुंद रिबनचा सुपर ट्वीटर हे स्वर आडव्या पातळीत दूरवर पसरवतो, खोलीच्या प्रतिध्वनीत पुन्हा चमक येते, आणि ऐकणारा म्हणतो की आवाजात ‘हवा’ आली. ही हवा खरी आहे. ती १० ते १५ किलोहर्ट्झमधली आहे.

तिसरी गोष्ट हिताची नाही. १६ किलोहर्ट्झची तरंगलांबी अवघी २१ मिलिमीटर. मुख्य ट्वीटर आणि त्याच्या वर ठेवलेला सुपर ट्वीटर दोघेही त्या कंप्रतेला वाजत असतील आणि त्यांच्यापासून कानापर्यंतच्या वाटांत साडेदहा मिलिमीटरचा फरक पडला, तर एकाची भरती ती दुसऱ्याची ओहोटी होऊन दोघेही एकमेकांना पुसून टाकतात. पेटीवर सुपर ट्वीटर अर्धे बोट पुढे किंवा मागे सरकवला की आवाज बदलतो, असे हौशी लोक सांगतात तेव्हा त्यांची टिंगल होते; पण या हिशेबाने ते अक्षरशः खरे आहे. अडचण एवढीच की, दोन ट्वीटरांत १५ सेंटिमीटरांचे उभे अंतर असेल आणि श्रोता अडीच मीटरांवर बसला असेल, तर डोके सुमारे १८ सेंटिमीटर वर-खाली झाले की तोच साडेदहा मिलिमीटरचा फरक पुन्हा पडतो. म्हणजे खुर्चीत ताठ बसून जी झळाळी मोठ्या कष्टाने जुळवली ती मागे रेलताच नाहीशी होते आणि पाय पोटाशी घेऊन बसताच परत येते. संगीत ऐकताना इतकी शिस्त कोण पाळणार?

मनाचा वाटा याउपर येतो. सुपर ट्वीटर लावल्याने ‘खर्ज भरदार झाला’ असे सांगणारे कमी नाहीत, आणि २० किलोहर्ट्झच्या वरच्या साधनाने ६० हर्ट्झवर परिणाम करण्याचा कोणताही भौतिक मार्ग ठाऊक नाही. पैसे मोजून आणलेली, आपल्या हाताने तारा जोडलेली, दिव्याच्या उजेडात चकाकणारी वस्तू समोर असताना श्रोता अधिक लक्ष देऊन ऐकतो, आणि लक्ष देऊन ऐकले की नेहमीच्या तबकडीतही न ऐकलेले तपशील सापडतात. हे सुख खोटे नव्हे, पण त्याचे श्रेय वस्तूच्या खात्यावर जमा करू नये.

या सगळ्यावरून घरगुती रसिकाने काय करावे? ज्याच्याकडे एकच पूर्णपल्ल्याचा शंकू आहे, किंवा वरच्या टोकाला गळणारा जुना हॉर्नचा अथवा मोठ्या सहकेंद्री चालकाचा ध्वनिक्षेपक आहे, त्याने सुपर ट्वीटर अवश्य अजमावावा. फक्त त्याला नुसता ट्वीटर समजून, १० किलोहर्ट्झच्या आसपास जोडून, पातळी जुळवण्याची सोय ठेवून. येथे होणारी सुधारणा कोणालाही ऐकू येण्याजोगी असते. ज्याच्या ध्वनिक्षेपकात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घडवलेला बरा घुमटाकार ट्वीटर आहे, त्याला तो मुळातच २० किलोहर्ट्झपर्यंत, बेरिलियम किंवा हिऱ्याचा असेल तर त्याच्याही बऱ्याच पुढे, घेऊन जातो. तेथे दुसरा ट्वीटर वर ठेवणे म्हणजे सुरळीत चाललेल्या घरात एक तंटा उभा करणे होय. अशा घरात आवाज मंद वाटत असेल तर आधी ध्वनिक्षेपकांची तोंडे श्रोत्याकडे थोडी वळवावीत, ट्वीटर कानाच्या उंचीला आणावा, खिडक्यांचे जाड पडदे एक दिवस गुंडाळून पाहावे, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर टोन-नियंत्रक अथवा इक्वलायझरने १० किलोहर्ट्झच्या वर दोन डेसिबेल चढवून ऐकावे. यांपैकी बहुतेक उपायांना खर्च नाही. सुपर ट्वीटरने जे साधते त्यातले बरेचसे त्या दोन डेसिबेलांत सापडते, आणि न आवडल्यास बटण फिरवून परत जाता येते. मात्र हाय-फायच्या कित्येक उच्चभ्रू ॲम्प्लिफायरांवरून ही बटणे शुद्धतेच्या नावाखाली हद्दपार झाली आहेत, आणि त्यांची उणीव मग वेगळ्या पेट्या विकून भरून काढली जाते.

तरीही घेण्याचा मोह अनावर झाला तर विक्रेत्याकडून आठ दिवसांच्या बोलीने उसना आणावा. प्रथम मोबाइलवरच्या स्वरजनकाने, आवाज बेताचा ठेवून, आपला कान कोठवर जातो ते पाहून घ्यावे. नंतर एका पेटीमागे सुपर ट्वीटरच्या तारेत साधा स्विच बसवावा आणि घरातल्या कोणाला तरी त्याच्यापाशी उभे करून, आपल्याला न दिसता, नाणे उडवून तो चालू किंवा बंद ठेवायला सांगावे. संगीत ओळखीचे असावे, आवाजाची पातळी बदलू नये, आणि सोळा वेळा ऐकून दर वेळी उत्तर कागदावर लिहावे. सोळांपैकी बारा किंवा अधिक उत्तरे निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याचा संभव शंभरात चाराहूनही कमी आहे. तेवढी आली तर कपॅसिटर वाढवून छेदबिंदू किती खाली आणता येतो ते पाहावे, आणि न आली तर नवव्या दिवशी वस्तू आभारपूर्वक परत करावी.